जाफरानाचा डावा पाय

उंट आणि वाळू यांना देवाने एकच रंग का दिला, हे मला कोणीतरी एकदा नीट समजावून सांगावं. माझ्या दुकानात अत्तराची बाटली येते, हलव्याचा डबा येतो, लग्नाच्या हॉलच्या फलकासाठी झुंबर येतं. कशाचाही फोटो द्या, आजूबाजूचं सगळं काढून ती वस्तू मी सोलून हातात ठेवते. काच अवघड असते, झुंबर त्याहून अवघड. पण त्यांना निदान कड तरी असते. उंटाला कडच नसते. वाळूच्या रंगाचं केसाळ जनावर, वाळूत उभं, वारा सुटलेला, आणि फोटो काढणारा कोण, तर माझा मुसल्लम मामा, ज्याचा अंगठा निम्म्या फोटोंच्या कोपऱ्यात असतोच असतो.

मामाला जाफराना हवी होती. एकटी.

जाफराना म्हणजे त्याची उंटीण. गेल्या थंडीत ती पोटदुखीने गेली. वाळवंटाकाठच्या आमच्या सिनाव गावात माणूस गेला की लोक तीन दिवस बसायला येतात. जाफराना गेली तेव्हाही मामाकडे लोक येऊन बसले, कॉफी प्यायले, आणि त्यात चेष्टा कोणाचीच नव्हती. मामाच्या चार मुलींची लग्नं झाली तेव्हा मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं.

नंतर त्याने नवी मजलिस बांधली. पुरुषांनी बसायची लांबलचक खोली, कडेने गाद्या, आणि दारासमोरची भिंत कोरी. त्या भिंतीवर त्याने साधा खिळाही मारू दिला नाही.

"तिथे जाफराना," तो मला म्हणाला. "खरी होती तेवढी मोठी. चारी पाय दिसले पाहिजेत. बाजूला कोणी नको, मागे कोणी नको. आत येणाऱ्याला आधी ती दिसेल, मग मी."

"मग एकटीचा फोटो द्या ना मामा."

"असता तर तुझ्या दारात आलो असतो का?"

त्याने मोबाइल माझ्या हातात दिला. फोटो पुष्कळ होते. एकात ईदची गर्दी, एकात पावसाचं डबकं, एकात ती अजून कोवळी, लुकडी, नुसते पाय आणि पापण्या. पण प्रत्येक फोटोत, म्हणजे खरोखरच प्रत्येक फोटोत, तिच्या डाव्या खांद्याशी ओनूर उभा. ओनूर मामाचा उंटवाला, सुदानच्या कसाला भागातला. जाफराना एवढीशी होती तेव्हापासून तो मामाच्या गोठ्यावर आहे. उंच, काटकुळा माणूस आणि त्याच्या अंगावर तो पांढराशुभ्र घोळदार अंगरखा. अंगरख्याच्या घोळामागे जाफरानाचा पुढचा डावा पाय खांद्यापासून पावलापर्यंत गायब.

"या माणसाला उभं राहायला दुसरी जागा मिळत नव्हती का?" मी विचारलं.

"काढून टाक त्याला," मामा म्हणाला. "तुझं कामच ते आहे ना?"

लोकांना वाटतं, काढणं म्हणजे भांड्यावरचं झाकण काढणं. झाकण उचललं की खाली आमटी असतेच. फोटोत खाली काही नसतं! माणूस काढला की तिथे माणसाच्या आकाराचं भोक राहतं. त्याच्यामागे काय होतं ते कॅमेऱ्याने पाहिलेलंच नाही, तर मी कुठून आणू? हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. प्रत्येकजण मान डोलावतो आणि म्हणतो, "हो, पण तू काढ."

त्यातल्या त्यात बरा फोटो मी निवडला. जाफराना जवळजवळ समोरून, मान ओनूरकडे वळवलेली, उजवा पाय स्वच्छ दिसणारा. आधी ते आपोआप कापणारं बटण दाबून पाहिलं. आळसाने म्हणा, आशेने म्हणा. कॉम्प्युटरने थोडा विचार केला आणि ओनूरला असं सुरेख उचललं की अंगरख्याची एक चुणी सुटली नाही. जाफरानाला त्याने वाळू समजून पुसून टाकलं. पडद्यावर एकटा ओनूर, हात हवेत, कोणाला तरी कुरवाळत असल्यासारखा. मी दुकानात एकटीच मोठ्याने ओरडले. शेजारच्या शिंप्याने भिंतीवर ठोकून विचारलं, काय झालं.

मग हाताने. कानाचे केस, पापण्यांचे केस, कुबडावरचा पुंजका, हनुवटीखालची झालर. बिंदूमागून बिंदू टाकत तिच्या कडेने फिरत राहिले. मागे बाभळीचं झाड होतं, त्याचे काटे आणि तिचे केस एकमेकांत गुंतलेले. डोळ्यांची आग झाली. मामा दर थोड्या वेळाने येऊन पाठीमागे उभा राहायचा.

"कान बारीक केलास तू तिचा."

"मामा, कान तेवढाच आहे."

"माझ्या उंटिणीचा कान मला सांगतेस?"

शेवटी ती सुटली. वाळूतून, बाभळीतून, ओनूरमधून. आणि तीन पायांवर उभी राहिली.

मी तिचाच उजवा पाय उचलला, आरशातल्यासारखा उलटा केला, डावीकडे बसवला. मला स्वतःला छान वाटला. मामाने चष्मा लावला आणि दुसऱ्या क्षणी काढला.

"तारेत अडकून झालेला व्रण तिच्या उजव्या गुडघ्यावर होता. आता दोन्ही गुडघ्यांवर आहे. दोनदा अडकली होती का ती?"

"व्रण पुसते."

"आणि दोन्ही पाय असे सारखे? परेडला उभी आहे का? उंटाचे दोन पाय कधी सारखे पडतात का गं? तुझा बाप उंटवाला होता, पोरी! हे तरी शिकायचंस."

माझा बाप उंटवाला होता म्हणूनच मी थंडगार दुकानात बसून बाटल्या कापते, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं.

आता गावातल्या निम्म्या उंटांचे फोटो माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. कोणाला उंटांच्या सौंदर्यस्पर्धेसाठी फलक हवा असतो, कोणाला गाडीच्या मागच्या काचेवर लावायला चित्र. त्या फोटोंत शोधता शोधता एक डावा पाय सापडला. रंग तोच, उजेड त्याच बाजूचा, लांबी जुळणारी. हिलालकाकांच्या समहा नावाच्या उंटिणीचा. मी तो कापला, जाफरानाच्या खांद्याखाली बसवला, सांध्यावर थोडे केस ओढले, खाली सावली टाकली. खरं सांगते, मला स्वतःलाही जोड दिसत नव्हता. मामाही बराच वेळ पाहत राहिला.

"काहीतरी आहे," तो म्हणाला.

"काय आहे?"

"माहीत नाही. बरी आहे. छाप."

शुक्रवारी नमाजानंतर त्याने माणसं बोलावली. मी आतल्या खोलीत मामीबरोबर खजुराची ताटं भरत होते, दार अर्धं उघडं होतं. भिंतीवर जाफराना, दारापेक्षा उंच. एकेकजण आत यायचा, थबकायचा, "अल्लाह!" म्हणायचा. मामाच्या चेहऱ्याकडे पाहवत नव्हतं इतका तो खूश होता. कॉफीचा पेला हातात तसाच, पीत नव्हता.

मग हिलालकाका आले. वय झालेलं, एका डोळ्यात मोतीबिंदू. बसले, पेला घेतला, भिंतीकडे पाहिलं आणि पेला खाली ठेवला.

"मुसल्लम," ते म्हणाले, "तुझी उंटीण माझ्या समहाच्या पायावर का उभी आहे?"

लोक हसले. मामाही हसला, त्याला वाटलं थट्टा आहे. काका उठले, भिंतीपाशी गेले आणि त्या गुडघ्यावर तळहात ठेवला.

"ही आत वळलेली ठेवण बघा. हिच्या आईचीही अशीच होती, आजीचीही. माझ्या घरातला पाय मला ओळखू येणार नाही? मी आंधळा झालोय, पण इतका नाही!"

आता सगळे उठून जवळ गेले. समहाचा पाय, समहाचाच, दुसरा कोणाचा असणार. एकाने तर मोबाइल काढून समहाचा फोटोच पुढे केला. मी आत ताट धरून उभी. चार रस्ते पलीकडचा माणूस ज्यांना ओळखता येत नाही, त्यांना उंटाचा पाय ओळखता येतो! वाळूवरचे ठसे पाहून उंट कोणाचा ते सांगणारी ही माणसं, आणि मी मूर्ख, यांच्याच गोठ्यातला पाय चोरला. शेजारच्या गावचा घेतला असता तरी ओळखला असता म्हणा.

इथवरही हसण्यावारी गेलं असतं. पण कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं, "पण खऱ्या पायात असं काय होतं, जे झाकावं लागलं?"

भिंतीपाशी जमलेले परत गाद्यांवर जाऊन बसले. तिच्या डाव्या अंगाला कायम ओनूरचा अंगरखा, त्यामुळे तो पाय नीट पाहिल्याचं कोणालाच आठवेना. जाफरानाच्या दोन मुली मामाने याच माणसांना दिल्या होत्या. तिचा पाय वाकडा होता असं आज ठरलं, तर ते त्या दोघींवर जाणार, त्यांच्या पिल्लांवर जाणार, आणि मामाच्या शब्दावर तर जाणारच. ती जिवंत असती तर दार उघडून दाखवली असती. ती जमिनीखाली होती.

"काही नव्हतं," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात आला. एवढा मोठा कागद गुंडाळून काखेत धरलेला. त्याने तो माझ्या टेबलावर आपटला, अत्तराच्या बाटल्या खाली पडल्या.

"खोटारडा ठरवलंस मला! माझ्याच घरात!"

"मी ठरवलं? काढ काढ कोण म्हणत होतं? मी सांगितलं नव्हतं का खाली काही नसतं म्हणून?"

"मग सांगायचंस ना, हिलालचा पाय लावते म्हणून!"

"सांगितलं असतं तर लावू दिला असतात?"

"नसता!"

"मग!"

आम्ही दोघंही दमलो. शिंपी दारात येऊन उभा होता, त्याला मी हाकललं. मामा खुर्चीवर बसला आणि एकदम म्हातारा दिसायला लागला.

"तिचा पाय आण, झुवैना. तिचा स्वतःचा. मग मी सगळ्यांना परत बोलावतो. तो एक पाय दिसला की माझं तोंड उजळ."

"कुठून आणू? तुमच्या एकाही फोटोत तो नाही. ओनूर मध्ये आहे."

"मग ओनूरला विचार. त्याच्या मोबाइलमध्ये असेल."

दुपारी आम्ही दोघं गोठ्यावर गेलो. ओनूर चारा टाकत होता. मला पाहून त्याने हात पुसले. मामाला तो अरबाब म्हणायचा, म्हणजे मालक.

"या ताई. अरबाब, तुम्ही उन्हाचे कशाला आलात?"

त्याच्या मोबाइलची काच फुटलेली होती. त्यातही जाफराना होती, पण ते फोटो मामाने किंवा पोरांनी काढलेले आणि मग त्याला पाठवलेले. सगळे तेच. खांदा, अंगरखा, पाय गायब. मी एकामागून एक सरकवत गेले आणि माझं डोकं फिरलं.

"अरे बाबा, तू एकदाही बाजूला झाला नाहीस का? एकदाही? फोटो काढताना दोन पावलं सरकायला काय होत होतं?"

ओनूर हसला. "सरकलो की ती पळायची, ताई."

"म्हणजे?"

त्याने मामाकडे पाहिलं. मामा कुंपणाच्या तारेकडे पाहत होता. "अरबाबना माहीत आहे," ओनूर म्हणाला आणि चाऱ्याचा भारा उचलू लागला.

"काय माहीत आहे, मामा?"

"काही नाही."

"काही नाही कसं? मी आठवडाभर तिच्या पापण्या कापतेय! डोळे फुटायची वेळ आली माझी! मला सांगा."

मग मामा जो फुटला, तो माझ्यावर नाही, ओनूरवरही नाही, त्या रिकाम्या खुंट्यावर.

"तो तिथे उभा असल्याशिवाय ती उभीच राहायची नाही! लहानपणी रस्त्यावर ट्रक घासून गेला होता तिला डावीकडून. तेव्हापासून त्या अंगाला हा लागायचा. हाच! मी उभा राहिलो तर नाही चालायचं. मी! विकत मी घेतली, नाव मी ठेवलं, आजारी पडली तेव्हा मस्कतहून डॉक्टर मी आणला. रोज सकाळी मी स्वतःच्या हाताने खजूर घेऊन यायचो, बी काढून. खजूर माझ्या हातातला खायची आणि खाताना बघायची त्याच्याकडे. याच्या पायांचा आवाज आला की तोंडातला घास टाकून निघायची. मला काय वाटत असेल? एका भिंतीवर, एकाच भिंतीवर, मेल्यावर तरी, मला ती एकटी हवी होती. त्याच्याशिवाय. झालं?"

ओनूर भारा हातात धरून तसाच उभा राहिला. मला मामाचा राग आला होता आणि तो कुठे ठेवावा ते कळेना. एक सहा फुटी माणूस आपल्या चाकराचा आणि एका उंटिणीचा मत्सर करतो, आणि त्यापायी मी कान, पापण्या, काटे कापत बसते.

"अरबाब," ओनूर हळूच म्हणाला, "तिचा पाय सरळ होता. मी येऊन सांगतो मजलिसमध्ये. माझ्या अंगावर रेलायची ती, पायाचं वजन मला ठाऊक आहे."

"तू कशाला सांगशील," मामा म्हणाला. "तुला हिनेच पुसून टाकलंय." आणि तो गाडीत जाऊन बसला.

घरी सोडताना मी त्याला एवढंच म्हणाले, "मामा, मूळ फोटो लावा. जसा आहे तसा. लोक विचारतील काय झाकलं होतं, तर दिसेल काय झाकलं होतं. एक माणूस. पायाला काही झालं असतं, तर इतकी वर्षं या माणसाला तिथे उभं करून तुम्ही दहाजणांसमोर फोटो काढत बसला असतात का?"

तो उतरला. गाडीचं दार इतक्या जोरात आपटलं की आरसा हलला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडते तोच तो दारात. धुतलेला पोशाख, नवी टोपी. हातात धाकट्या मुलीच्या लग्नातला फोटो. त्यात जावयाच्या शेजारी मामा, कमरेला चांदीचा खंजीर, खांद्यावर शाल.

"मूळ फोटो छाप," तो म्हणाला. "ओनूरसकट. तसाच मोठा."

"बरं."

"आणि यातून मला काप."

मी फोटो घेतला. मामाच्या कोपरामागे जावयाची बाही अडकलेली, शालीची झालर पांढऱ्या भिंतीवर पांढरी. पुन्हा झालर! "कापून काय करू?"

"तिच्या पलीकडे लाव. ओनूर या बाजूला, मी त्या बाजूला. जागा आहे तिथे, मी पाहिलंय."

मी जाफराना पडद्यावर आणली. जागा होती खरी. उजव्या अंगाला नुसती वाळू. पण तिची मान पूर्ण ओनूरकडे वळलेली, ओठ जवळजवळ त्याच्या कानाला टेकलेले.

"मामा, असं बघा, इथे तुम्हाला उभं केलं तर तिची तुमच्याकडे पाठ येते. ती तुमच्याकडे बघतच नाही असं दिसेल."

त्याने नवी टोपी काढून टेबलावर ठेवली. मला वाईट वाटलं. इतके दिवस चिडून चिडून माझ्यात राग उरला नव्हता. मी म्हणाले, "मी तिचं तोंड वळवते. लहानपणीच्या फोटोत तिची मान या बाजूला आहे. तिचीच मान, दुसऱ्या कोणाची नाही. कडेने कापून बसवते, जोड दिसणार नाही. तुमच्याकडे बघतेय असं करते."

मामा पुढे वाकला. पडद्यावरच्या त्या मानेकडे, त्या पाठमोऱ्या कानाकडे पाहत राहिला. मला वाटलं, हो म्हणतोय.

"नको," तो म्हणाला. "हिलाल ओळखेल."

"मान तिचीच आहे, मामा. कसं ओळखेल?"

"ती माझ्याकडे असं कधी बघायची नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे." त्याने खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसला. "तू मला काप. शाल नीट काप, झालर सोडू नकोस."

मी त्याच्या खांद्यापासून सुरुवात केली.